शेजारच्या हवामान केंद्राचा आकडा आपल्या जागेवर कसा वापरायचा

हवामान केंद्र कधीच आपल्या जागेवर नसतं. ते पाच-पंधरा किलोमीटर लांब, कुंपणाच्या आत, मोकळ्या गवतावर उभं असतं. निर्णय मात्र इथला घ्यायचा असतो: पाण्याची पाळी आज द्यायची की तीन दिवस थांबायचं, फवारणी आत्ता उरकायची की सकाळी, नदीकाठची यंत्रं हलवायची की राहू द्यायची. केंद्रांचं जाळं कितीही दाट असलं तरी हे अंतर उरतंच. म्हणून या लेखात आकडे कुठे मिळतात यापेक्षा तिथला आकडा इथे लागू कसा करायचा, यावर भर दिला आहे.

जाळं म्हणजे काय ते आधी पाहू. एका प्रदेशात ठराविक अंतरांवर बसवलेली, एकाच पद्धतीने मोजणारी आणि काही मिनिटांनी नोंद पाठवणारी स्वयंचलित केंद्रं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचं ‘मेसोनेट’ हे याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. ते १ जानेवारी १९९४ रोजी अधिकृतपणे सुरू झालं. राज्याच्या ७७ काउंट्यांपैकी प्रत्येकीत किमान एक, अशी एकूण सुमारे १२० केंद्रं त्यात आहेत आणि ती दर ५ मिनिटांची नोंद देतात. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, सूर्यप्रकाश आणि हवेचा दाब हे बहुतेक जाळ्यांत मिळतं. काहींत मातीचं तापमान, मातीतला ओलावा आणि पानांचा ओलेपणाही असतो.

पायरी १ : आधी निर्णय लिहा, मग आकडे शोधा

बहुतेक जण इथेच चुकतात. नकाशा उघडतात, सगळे रंग पाहतात आणि बंद करतात. त्याऐवजी कागदावर एक वाक्य लिहा: ‘अमुक आकडा अमुक पातळीला गेला की मी तमुक करणार.’ या वाक्यात तीन जागा आहेत: आकडा, पातळी आणि कृती. तिन्ही भरता येत नसतील तर तो आकडा रोज पाहून उपयोग नाही. एका माणसाला किंवा एका संस्थेला अशी चार-पाच वाक्यं पुरतात.

याच वेळी किती बारीक नोंद लागणार तेही ठरवा. सिंचनाला दिवसाचा आकडा पुरतो, रोगाच्या अंदाजाला तासाचा लागतो आणि वादळी वारा किंवा ढगफुटीसारखा पाऊस असेल तर ५ ते १५ मिनिटांचा.

पायरी २ : सर्वांत जवळचं केंद्र घेऊ नका, सर्वांत सारखं घ्या

सहा किलोमीटरवरचं टेकडीमाथ्याचं केंद्र खोलगट शिवाराला फसवतं. तेवढ्याच उंचीवरच्या, तशाच उताराच्या दरीतलं वीस किलोमीटरवरचं केंद्र अधिक कामाचं ठरू शकतं. निवडताना उंची, उतार, मोठ्या पाण्यापासूनचं अंतर आणि भोवतालची जमीन (सिंचित, कोरडी की इमारतींची) या गोष्टी जुळवून पाहा. प्रमाण वातावरणात दर १००० मीटर उंचीला तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने घटतं. म्हणजे २०० मीटरच्या फरकाला सव्वा अंश. हा हिशोब दुपारी आणि वारा असताना बरा चालतो. निरभ्र शांत रात्री तो पार उलटतो, कारण थंड हवा जड होऊन पाण्यासारखी खाली उतरते आणि खळग्यात साचते. त्याकडे पुढे येऊच.

एकावर न थांबता तीन केंद्रं निवडा: एक मुख्य आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांचं काम पायरी ४ मध्ये कळेल.

सगळे घटक अंतराला सारखे वागत नाहीत, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. हवेचा दाब, सूर्यप्रकाश आणि दुपारचं तापमान सपाट प्रदेशात बऱ्याच अंतरापर्यंत सारखं राहतं. वाऱ्याचं तसं नाही. पाऊस तर, विशेषतः गडगडाटी ढगांचा, अगदीच लहरी असतो. रस्त्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. माझं स्पष्ट मत असं आहे की तापमान, आर्द्रता आणि सूर्यप्रकाश जाळ्याकडून घ्या, पण पाऊस मोजायला स्वतःचा साधा पर्जन्यमापक ठेवा. एवढ्या एका नळकांड्याने जाळ्याची निम्मी उणीव भरून निघते.

पायरी ३ : केंद्राची कुंडली वाचा

प्रत्येक चांगलं जाळं केंद्राची माहिती देतं: उंची, फोटो, सेन्सरची उंची आणि शेवटच्या देखभालीची तारीख. जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार हवेचं तापमान जमिनीपासून १.२५ ते २ मीटरवर मोजतात आणि वारा मोकळ्या जागी १० मीटरवर. शेतीसाठीच्या काही जाळ्यांत वारा २ मीटरवरही मोजतात. दोन केंद्रांच्या वाऱ्याची तुलना करण्याआधी हे पाहिलंच पाहिजे. १० मीटरवरचा वेग ०.७५ ने गुणला की गवताळ जागेवरचा २ मीटरचा वेग साधारण मिळतो.

वाऱ्याच्या बाबतीत ‘सरासरी’ आणि ‘झोत’ यांत गल्लत होते. सरासरी सहसा १० मिनिटांची असते आणि झोत सुमारे ३ सेकंदांचा. पत्रे उडतात, शिडी पडते, क्रेनचा भार हेलकावतो तो झोताने.

मग घड्याळ. नोंदी स्थानिक वेळेत आहेत की जागतिक प्रमाणवेळेत? ‘१४:००’ म्हणजे दोनपासून पुढचा काळ की दोनला संपलेला? दिवसाचा पाऊस मध्यरात्री ते मध्यरात्री धरला आहे की सकाळी ते सकाळी? रात्रीचा पाऊस एका जाळ्यात काल पडलेला असतो आणि दुसऱ्यात आज. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत अशी तक्रार कानावर आली की मी आधी वेळेचंच विचारतो.

पायरी ४ : आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याची झडती घ्या

जाळं चालवणारे तपासणी करतात, पण ती तुमच्या निर्णयाच्या आधी पूर्ण झालेली असेलच असं नाही. पाच मिनिटांची ही झडती स्वतः घ्यायला शिका.

पाऊस : बहुतेक स्वयंचलित पर्जन्यमापकांत दोन छोट्या वाट्यांचा झोका असतो. एक वाटी भरली की झुकते आणि एक ठोका नोंदला जातो. तो सहसा ०.१ किंवा ०.२ मिमीचा असतो. वर जाळी किंवा नरसाळं तुंबलं की दोन प्रकारची लबाडी दिसते. पूर्ण तुंबलं तर शेजारच्या सगळ्यांकडे ३० मिमी आणि इथे शून्य. अर्धवट तुंबलं तर पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास एकसारखा ठोका पडत राहतो, कारण साठलेलं पाणी थेंबथेंब झिरपत असतं. ही दुसरी खूण फारच थोड्यांना माहीत असते. पक्ष्यांना त्या नरसाळ्याची कड बसायला फार आवडते, एवढं सांगितलं म्हणजे तुंबण्याचं कारण वेगळं सांगायला नको. निरभ्र दुपारी अचानक ४ मिमी पाऊस दिसला तर बहुधा कोणीतरी ते धुतलेलं असतं. शिवाय जोराच्या वाऱ्यात आणि अतिमुसळधार पावसात हे यंत्र खऱ्यापेक्षा कमी मोजतं.

आर्द्रता : दाट धुक्यात किंवा रात्रभराच्या पावसात ती ९५ ते १०० टक्क्यांपर्यंत जायला हवी. महिनोन्‌महिने ८८ च्या वर जात नसेल तर सेन्सर म्हातारा झाला आहे. अशा केंद्रावरून रोगाचा इशारा काढला तर तो कधीच वाजणार नाही.

सूर्यप्रकाश : निरभ्र दिवसाचा आलेख गुळगुळीत घुमटासारखा असतो. स्वच्छ दिवसांचे घुमट आठवड्यागणिक ऋतूच्या मानाने जास्तच बुटके होत असतील तर काचेवर धूळ बसली आहे.

वारा : शेजारी हलताहेत आणि इथे तासन्‌तास नेमका ०.० दिसत असेल, तर बेअरिंग अडकलं आहे.

साक्षीदार केंद्रं इथे उपयोगी पडतात. मुख्य केंद्र आणि साक्षीदार यांच्यातला फरक रोज थोडाफार हलतो, ते चालायचंच. पण तो एका दिवशी उडी मारून तिथेच राहिला, तर बदललं ते यंत्र.

पायरी ५ : आपला फरक मोजा

सगळ्या लेखातलं हे मुख्य काम. एक साधा नोंद ठेवणारा तापमापक घ्या. त्याला ऊन थेट लागणार नाही पण हवा खेळेल असं पांढऱ्या थरांचं आवरण लावा आणि आपल्या जागेवर दीड मीटर उंचीवर टांगा. भिंत, पत्रा आणि काँक्रीट यांपासून लांब. तीन-चार आठवडे नोंदी घ्या आणि मुख्य केंद्राशी ताडून पाहा.

सगळ्या दिवसांची मिळून एकच सरासरी काढलीत तर सगळं मुसळ केरात. नोंदींचे तीन ढीग करा: दुपारचे कमाल आकडे, ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्रींचे किमान आकडे, आणि निरभ्र शांत रात्रींचे किमान आकडे. प्रत्येक ढिगाचा फरक वेगळा निघेल. दुपारी तुमची जागा केंद्रापेक्षा अर्धा अंश गरम, वाऱ्याच्या रात्री जवळजवळ सारखी आणि निरभ्र शांत रात्री ३ अंशांनी थंड, असं चित्र खोलगट जागेत सहज निघतं. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक गणित करताना ते लागतील. ऋतू पालटला की पुन्हा पंधरा दिवस मोजा.

हा फरक किती महागात पडतो ते उष्णतेच्या दिवसांच्या बेरजेत कळतं. पीक आणि किडी दिनदर्शिकेने वाढत नाहीत, साठलेल्या उष्णतेने वाढतात. दिवसाच्या कमाल-किमान तापमानाची सरासरी काढायची आणि तीतून वाढीचं पायाभूत तापमान वजा करायचं. मक्याला पाया १० अंशांचा धरतात आणि कमाल ३० वर छाटतात. कमाल ३२ आणि किमान १८ असेल तर (३० + १८) ÷ २ − १० = १४. आता अशी छाटून काढलेली सरासरी तुमच्या जागेवर रोज १ अंशाने कमी येत असेल आणि तुम्ही केंद्राचाच आकडा घेतलात, तर ६० दिवसांत ६० एकक जास्त धरले जातात. म्हणजे अंदाज चार दिवस पुढे पळाला. काही किडींची अळी फळात शिरण्याआधी उघडी असते ती खिडकीच तेवढ्या दिवसांची असते.

पायरी ६ : आकड्यांतून निर्णय

*पाणी.* जाळ्याचा सर्वांत भरवशाचा उपयोग हाच. १९९८ साली अन्न व कृषी संघटनेच्या ५६ व्या सिंचन पुस्तिकेत ठरलेल्या पेनमन-माँटीथ सूत्राने तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश यांवरून १२ सेंटिमीटर उंचीच्या, भरपूर पाणी असलेल्या गवतातून रोज किती पाणी उडतं ते काढतात. अनेक जाळी हा आकडा तयारच देतात. त्याला ‘संदर्भ आकडा’ म्हणू. त्याला पिकाच्या गुणांकाने (आपलं पीक त्या गवताच्या किती पट पाणी घेतं त्या आकड्याने) गुणलं की आपल्या पिकाची गरज मिळते.

समजा मुळं ६० सेंटिमीटर खोल आहेत आणि मध्यम माती दर मीटरला १५० मिमी उपलब्ध पाणी धरते. म्हणजे साठा ९० मिमी. त्यातला निम्मा, ४५ मिमी, पिकाला ताण न देता वापरता येतो असं धरू. संदर्भ आकडा रोज ६ मिमी आणि गुणांक ०.८ असेल, तर रोजचा खर्च ४.८ मिमी. वाफसा आल्यापासून नवव्या दिवशी पाळी येते. चौथ्या दिवसाअखेर १२ मिमी पाऊस झाला तर तूट १९.२ वरून ७.२ वर येते आणि पाळी बाराव्या दिवसावर जाते. पण हा पाऊस स्वतःच्या पर्जन्यमापकातला हवा, केंद्रावरचा नाही. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची सर हिशोबात धरू नका, ती पानांवरून आणि वरच्या मातीतूनच उडून जाते. एक मिमी म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, तेव्हा ४५ मिमी भरून काढायला हेक्टरी साडेचार लाख लिटर लागतात. त्यावर वाटेतली गळती वेगळी.

एक पथ्य: केंद्र रखरखीत जमिनीवर असेल तर तिथली हवा सिंचित शेतापेक्षा गरम आणि कोरडी असते, त्यामुळे गरज फुगून दिसते. पहाटेचं किमान तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो) यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त अंतर रोज दिसत असेल तर ही शंका घ्यावी.

*फवारणी.* वारा आणि ‘डेल्टा टी’, म्हणजे हवेचं तापमान वजा ओल्या बल्बचं (ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकाचं) तापमान, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहा. २ ते ८ हा डेल्टा टीचा चांगला पट्टा. १० च्या वर थेंब पानावर पोचण्याआधीच आटतात, २ च्या खाली ते हवेत तरंगत राहून लांब जातात. २४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो सुमारे ४ असतो, ३२ अंश आणि ४० टक्क्यांना सुमारे १०. वारा साधारण ताशी ३ ते १५ किमी असावा. अगदी पडलेला वारा चांगला, ही समजूत घातक आहे. संध्याकाळी वारा पडला, आकाश निरभ्र असलं की जमिनीलगत थंड आणि वर गरम हवेचा थर बसतो. त्यात औषधाचा धुरळा खाली दबून राहतो आणि उताराच्या दिशेने दुसऱ्याच्या पिकावर जातो.

*रोग.* इथे तासांची मोजणी लागते. बटाट्याच्या उशिराच्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये १९५६ पासून स्मिथ निकष वापरात होता: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी किमान ११ तास आर्द्रता ९० टक्के किंवा वर. रोगाच्या नव्या जातींपुढे तो उशिरा इशारा देऊ लागला, म्हणून नंतरच्या हटन निकषात ११ चे ६ तास झाले. दुसऱ्या प्रदेशासाठी बसवलेला निकष आपल्याकडे जसाच्या तसा उचलू नये. एक हंगाम तो फक्त वहीत चालवून प्रत्यक्ष डाग कधी दिसले ते बाजूला लिहावं.

*दव गोठण्याच्या रात्री.* पायरी ५ मधले तीन फरक लिहिलेलं वहीचं पहिलं पान उघडा. संध्याकाळी तीन गोष्टी पाहा: आकाश, वारा आणि दवबिंदू. दवबिंदू शून्याच्या वर असेल तर दव पडताना उष्णता सुटते आणि तापमान घसरण्याचा वेग मंदावतो. तो शून्याच्या बराच खाली असेल तर असा आधार नसतो आणि पारा झपाट्याने उतरतो. केंद्रावर ३ अंश दिसले आणि तुमचा निरभ्र रात्रीचा फरक ३ असेल, तर तुमच्याकडे शून्य. त्यात केंद्राचा तापमापक दीड-दोन मीटरवर असतो, पिकाचा शेंडा किंवा रोप त्याहून खाली आणि त्याहून थंड.

तुषार सिंचनाने पीक वाचवायचं असेल तर ओल्या बल्बचं तापमान हाच मार्गदर्शक. पाणी गोठताना उष्णता देतं, पण उडून जाताना त्याच्या सुमारे साडेसातपट उष्णता खेचून घेतं. कोरड्या हवेत उशिरा सुरू केलेले तुषार सुरुवातीला पिकाला थंडच करतात. म्हणून ओल्या बल्बचं तापमान धोक्याच्या पातळीला पोचण्याआधी सुरू करा आणि सकाळी ते शून्याच्या वर गेल्यावरच बंद करा. अर्धवट बंद करण्यापेक्षा न सुरू केलेलं परवडलं.

*पूर.* नदीकाठी राहणाऱ्याला स्वतःच्या डोक्यावरच्या पावसापेक्षा वरच्या अंगाचा पाऊस महत्त्वाचा. पाणलोटातल्या केंद्रांची सरळ सरासरी घेऊ नका. प्रत्येक केंद्राच्या वाट्याला किती क्षेत्र येतं त्यानुसार वजन द्या. १९११ पासून वापरली जाणारी थीसेन बहुभुजांची पद्धत हेच करते. तीन केंद्रांची वजनं ०.५, ०.३, ०.२ आणि पाऊस ६०, २०, १० मिमी असेल तर भारित सरासरी ३८ येते, सरळ सरासरी ३०. १०० चौरस किमी पाणलोटावर हा ८ मिमीचा फरक ८ लाख घनमीटर पाण्याचा असतो. १, ३ आणि २४ तासांच्या चालत्या बेरजा ठेवा. गेल्या आठवड्याचा पाऊसही पाहा, कारण भिजलेली जमीन नवा पाऊस मुरू देत नाही. जुन्या नोंदींवरून वरच्या पावसाच्या शिखरानंतर किती तासांनी आपल्याकडे पाणी चढलं ते काढलंत की तोच तुमचा इशाऱ्याचा अवधी.

*चालून येणारा वारा.* हे काम एकट्या केंद्राने होतच नाही. वाऱ्याची दिशा फिरणं, झोत वाढणं आणि तापमान एकदम पडणं, ही खूण ४० किमीवरच्या केंद्रावर १४:१० ला आणि त्याच वाटेवरच्या २० किमीवरच्या केंद्रावर १४:४० ला दिसली, तर वेग ताशी ४० किमी. तुमच्याकडे अंदाजे १५:१० ला. बांधकामावर हा अर्धा तास पुरेसा असतो. उंचावरच्या कामासाठी मात्र मोकळ्या जागी ५० मीटरवरचा वारा १० मीटरवरच्यापेक्षा साधारण पावपट जास्त धरा. वणव्याशी लढणाऱ्यांना तर वाऱ्याची दिशा कधी फिरणार हेच आधी कळावं लागतं. तापमान ३० च्या वर, आर्द्रता ३० च्या खाली आणि वारा ताशी ३० किमीच्या वर हा ‘तीस-तीस-तीस’चा ढोबळ नियम त्यांना तोंडपाठ असतो.

पायरी ७ : इशारे लावा, थोडेच

पायरी १ ची वाक्यं आता इशाऱ्यांत बदला. पातळी ठरवताना आपला फरक आणि आपल्याला लागणारा वेळ, दोन्ही धरा: तुषार चालू करायला ४० मिनिटं लागत असतील तर इशारा त्याआधीच्या तापमानाला हवा. रात्री उठवणारा इशारा एकच ठेवा. चार ठेवलेत तर आठवड्याभरात फोन उशाखाली जातो.

प्रत्येक इशाऱ्यापुढे वहीत तीन शब्द लिहा: वाजला का, खरा होता का, काय केलं. हंगामाअखेर पातळी अर्ध्या अंशाने सरकवायला एवढी नोंद पुरते.

आणि एक इशारा शांततेचाही लावा. वादळात आधी वीज जाते, मग मोबाईलचा टॉवर, मग केंद्र. नेमक्या हव्या त्या वेळी नकाशावरचा शेवटचा आकडा तासाभरापूर्वीचा असतो आणि तो पाहणाऱ्याला सगळं निवांत वाटतं. मुख्य केंद्राकडून २० मिनिटं काहीच आलं नाही तर फोन वाजला पाहिजे. मग साक्षीदार केंद्रं उघडा, तीही गप्प असतील तर सर्वांत वाईट शक्यता धरून कामाला लागा.